मागचं डावं चाक

तांडा, पुसेगावजवळ, ता. सेनगाव
२ डिसेंबर २०२४

नोमान शेख यांस,

नमस्कार वगैरे लिहीत नाही. तुम्हीही लिहू नका.

मी विकास राठोडची बायको, दिपा. तुमचा पत्ता तुमच्या बहिणीनं दिलेला नाही, तेव्हा उगाच सबीहावर रागावू नका. ती शाळेत शिकवते आणि मी तिथंच पोरांची खिचडी शिजवते. परवा तिची पिशवी कलंडली आणि तुम्ही पाठवलेलं पाकीट माझ्या पायाशी पडलं. निझामाबादेत मावशीकडे लपून बसायचं आणि पाकिटामागे मावशीचा पत्ता लिहायचा, धन्य तुमची.

हा पत्ता रणजीतला हवा आहे. माझा दीर तो, त्याची ओळख मी करून द्यायला नको. तुमचा उजवा हात ठोकळ्यावर धरून त्यानं जॅकच्या दांड्यानं बोटं फोडली आणि मग गॅरेजला काडी लावली. तुम्ही कसे ओरडलात ते तो अजून करून दाखवतो. मला वाईट वाटलं नाही. नवऱ्याची फुटलेली कवटी आम्ही पटक्यानं बांधून चितेवर ठेवली, तेव्हापासून दुसऱ्याचं वाईट वाटायचं माझं बंद झालं आहे.

तांड्यात सगळे एकच बोलतात. विकासनं हरिचंद वाळूवाल्याच्या ट्रॅक्टरांचे व्हिडिओ तहसिलात दिले आणि त्याचे दोन ट्रॅक्टर जप्त झाले. हरिचंदचे ट्रॅक्टर तुमच्या गॅरेजात दुरुस्त होतात. आमची गाडीही मरणाच्या आदल्या दिवशी तुमच्याच गॅरेजात होती. दुसऱ्या दिवशी ती नेमकी नदीच्या चढावर मेली आणि माझा माणूस त्यांच्या हातात सापडला. दोन अधिक दोन चार, असं लोक म्हणतात. मीही म्हणते.

पोलिसांनी गाडी परत दिली, अंगणात उभी आहे. रणजीत भंगारात देणार होता, मी आडवी पडले. पंधरा वर्षांची जुनी फोर-बाय-फोर, पण चिखलात फसलेले ट्रॅक्टर ओढून काढायची. त्या दिवशी चढावर पाय तळापर्यंत दाबला तरी इंजिन उचलेना. मागचं डावं चाक कट-कट करून कुणीतरी धरल्यासारखं झालं. तेवढ्यात सात जणांनी घेरलं.

गाडीला काय केलंत ते सांगा. मी बापाकडे ट्रॅक्टर चालवलेला आहे, पाना-जॅक मला कळतो. कुठं बघायचं ते लिहा, मी स्वतः बघीन. खरं निघालं तर ठीक. खोटं निघालं तर पत्ता रणजीतच्या हातात जाईल.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर सबीहाच्या नावानं टाका. माझा फोन रणजीत रोज उघडून बघतो.

दिपा


निझामाबाद
९ डिसेंबर

दिपावहिनी,

तुम्ही सांगितलंत म्हणून नमस्कार लिहिला नाही. अक्षराची मात्र माफी मागतो. उजव्या हाताची तीन बोटं इथल्या डॉक्टरनं काढून टाकली आणि डावा हात अजून पहिलीत बसला आहे.

विकास माझा दोस्त होता. हे तुम्हाला पटणार नाही, म्हणून गाडीचंच बोलतो. गाडी खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा गुण.

तुम्ही सांगता तो बिघाड ट्रॅक्शन कंट्रोलचा आहे. चारही चाकांपाशी एकेक सेन्सर असतो. माझं चाक किती जोरात फिरतंय, एवढीच बातमी तो वायरीतून कॉम्प्युटरला देतो. कॉम्प्युटर चौघांच्या बातम्या ताडून बघतो. एखादं चाक बाकीच्या तिघांपेक्षा जास्त पळालं की ते घसरतंय असं तो समजतो. मग त्या चाकाला आपणच ब्रेक मारतो आणि इंजिनाचा जोर कमी करतो. तुमचा पाय तळाला असला तरी ऐकत नाही. ओल्या डांबरावर ही सोय चांगली. पण एखादा सेन्सर खोटी बातमी द्यायला लागला, तर चाक घसरत नसतानाही कॉम्प्युटर त्याला धरतो. कट-कट आवाज त्या ब्रेकचा. म्हणजे गाडीला कुणी काही चारलेलं नाही. तिला खोटी बातमी मिळाली.

आधी टायर बघा. चारही एका मापाचे आहेत का, हवा सारखी आहे का. एक टायर लहान असला की तो जास्त गिरक्या घेतो आणि कॉम्प्युटर फसतो. मग डाव्या चाकापासून सुरू करून एकेका सेन्सरची वायर चाकापासून वरपर्यंत डोळ्याखालून घाला. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली दगड लावा. एका घरात एक मरण पुरे.

हरिचंदचे ट्रॅक्टर मी दुरुस्त करतो हे खरं आहे. सेनगावात गॅरेज टाकलं की ज्याचं चाक मोडलं तो येतो, त्याची जात किंवा चाल विचारता येत नाही. पण मी विकासला विकलं नाही. वर अल्ला बघतो आहे.

अब्बा एकटे सेनगावात आहेत. त्यांना यात ओढू देऊ नका, एवढं मागतो.

नोमान


तांडा
१६ डिसेंबर

नोमान शेख,

टायर माझ्या शिवणाच्या टेपनं मोजले. चारही सारखे निघाले. हवा पंपवाल्या पोराकडून बघून घेतली, तीही सारखी.

मग मी चावी फिरवली. समोरच्या मीटरमध्ये तेलाचा, बॅटरीचा, हँडब्रेकचा, सगळे दिवे लागले. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला तेवढा एक लागला नाही. म्हटलं, बल्ब गेला असेल. मीटरचं झाकण उघडलं तर दिव्यावर काळी टेप. दोन पदर, कडा नीट दाबलेल्या, नखानं बसवलेल्या. असा स्वच्छ हात या तालुक्यात एकाच माणसाचा होता आणि तो आता डाव्या हातानं पत्र लिहितो.

गाडी खोटं बोलत नाही म्हणे! तिचं तोंड तुम्हीच दाबून ठेवलं होतंत आणि वर मला चार चाकांची गोष्ट सांगत बसलात. चोराच्या उलट्या बोंबा.

काल रणजीत जेवताना म्हणाला, "वहिनी, तो लांड्या सापडला का पयले त्याचा डावा हात घेईन. मंग पाय. मंग सावकाश इचारीन, काहून केलं म्हणून." सासूबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी त्याला वाढत होते आणि तुमचा पत्ता माझ्या पोलक्यात होता. फक्त हात घालायचा होता.

का घातला नाही ते मला माहीत नाही. हे शेवटचं विचारते. टेप का लावली? महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर पुढचं पत्र तुम्हाला रणजीतच आणून देईल.

दिपा


निझामाबाद
२१ डिसेंबर

वहिनी,

टेप मी लावली. पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं, पण भ्यालो. ज्याचा हात एकदा ठोकळ्यावर ठेवला गेला त्याला भिणं काय असतं ते विचारू नका.

खरी हकीकत अशी. खंडेनवमीच्या पूजेनंतर विकासच्या गाडीत हा दिवा लागायला लागला. सडकेवर विझायचा, खड्ड्यात लागायचा. तो दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा मी उद्या बघू म्हणालो. तिसऱ्यांदा तो आला त्या दिवशी माझ्यापुढे तीन ट्रॅक्टर उघडे पडले होते. तिन्ही हरिचंदचे. त्याची माणसं डोक्यावर उभी होती. विकास म्हणाला, "नोमानभाई, ह्यो दिवा डोळ्यात खुपून राहिला, कायतरी कर ना." मी हसून टेप लावली आणि म्हणालो, आता खुपणार नाही, तुरी निघाल्या की निवांत बघू. तोही हसला. पाच मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या दिवशी तो मेला.

अजून एक सांगतो, म्हणजे काही लपवलं असं राहायला नको. गिअरजवळ एक बटण आहे. ते दाबलं की कॉम्प्युटरचा हा सगळा कारभार बंद होतो आणि इंजिन पायाचं ऐकतं. वाळूत-चिखलात ते दाबायचंच असतं. विकासला ठाऊक होतं, मीच शिकवलं होतं. पण दिवाच दिसेना तर बटण कशाला आठवेल? माझा गुन्हा एवढा आहे आणि तो लहान नाही. हरिचंदनं मला विकत घेतलं नव्हतं. त्याची घाई माझ्यावर बसली होती आणि मी दोस्ताला उद्यावर टाकलं.

आता पुढचं. विकासच्या विहिरीच्या मोटारीच्या हत्यारपेटीत वायरीचा रोध मोजायचा मीटर असेल. मागच्या दोन्ही सेन्सरांचे प्लग काढून मोजा. दोन्हीकडे आकडा हजाराच्या आसपास आणि एकमेकांसारखा यायला हवा. मग डावी वायर हातानं हलवत आकडा बघत राहा. जिथं हलवल्यावर आकडा नाचेल तिथं वायर जखमी आहे.

आणि मला एक विचारायचं आहे. कट-कट झाली, चाक धरलं गेलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तो झटका आत बसलेल्याच्या पायाला कळतो. पाय तळाला होता हेही आतल्यालाच दिसतं. पेपरात 'अज्ञात इसमांनी' एवढंच छापलं होतं, तुम्ही सात लिहिलंत. पोलिसांना तुम्ही सांगितलंत की त्या दिवशी मी कापूस वेचत होते.

वहिनी, तुम्ही गाडीत होतात.

नोमान


तांडा
३ जानेवारी २०२५

नोमानभाई,

आठ दिवस तुमचं पत्र जवळ बाळगलं. फाडलं नाही.

होते मी गाडीत.

आम्ही सेनगावहून पुजाचं औषध घेऊन येत होतो. पाच वर्षांची लेक आमची, घरीच होती, खोकला हटत नव्हता. दुपारचे चार वाजले असतील, चांगलं ऊन होतं. नदी उतरून पलीकडे लागलो तर वाटेत ट्रॅक्टर आडवा. विकासनं गाडी वाटेवरून काढून सरळ काठावर घातली. चढली असती, याच्याहून उभे चढ तिनं चढलेले आहेत. अर्ध्यावर एक खड्डा लागला आणि ती बसली. तो पाय दाबून स्टिअरिंगवर अक्षरशः उभा राहिला होता. मला म्हणाला, "उतर. तुरीत घूस. मागं पाहू नको."

मी उतरले. तुरी डोक्याच्या वर होत्या. पंधरा पावलं आत गेले आणि पडून राहिले. मागं पाहू नको म्हणाला होता, पण मी पाहिलं.

काच फोडून त्याला खिडकीतून ओढला. काचेनं पोट फाटलं. तोंडाला रुमाल बांधलेले सात जण. दोघांकडे फावडी, एकाकडे लोखंडी गज, बाकीच्यांकडे काठ्या. आधी गुडघ्यांवर मारलं. तो उठायचा, परत मारायचे. फावडं पाठीत बसलं तो आवाज चिखलात पाय घातल्यासारखा होता. मी मोजत होते. का मोजत होते कोण जाणे. चाळीसपर्यंत मोजलं. मग गज डोक्यात बसला आणि त्याचा एक डोळा बाहेर आला, तेव्हा मोजायचं सोडलं. तोंडात तुरीचा पाला कोंबून घेतला होता मी, ओरडू नये म्हणून. एकानं रुमाल काढून घाम पुसला. तो हरिचंद. त्यानं स्वतः एक काठी मारली नाही, उभ्यानं सांगत होता कुठं मारायचं. बाकीचे सहा त्याचेच, आवाजावरून ओळखले, सगळे या भागातले.

विकासनं एकदाही तुरीकडे बघितलं नाही. शेवटपर्यंत. बघितलं असतं तर ते आले असते. मी रोज हेच उगाळते, भाऊ. मार खाताना सुद्धा त्याचं लक्ष होतं, कुठं बघायचं नाही याच्यावर.

दहाव्याला हरिचंद भेटायला आला. सासूबाईंचे पाय धरले, रडला. जाताना पिशवीतून माझी एक चप्पल काढून उंबऱ्यापाशी ठेवली. गाडीतून उतरताना राहिली होती ती. मग पुजाला मांडीवर घेऊन म्हणाला, "शाळेत जाती का बाई? कोणत्या वाटनं जाती?"

म्हणून मी कापूस वेचत होते. म्हणून रणजीत तुमच्यामागे लागला तेव्हा मी गप्प बसले. तुमचं नाव उठवलं ते हरिचंदच्याच माणसांनी, हे मला तेव्हाही कळत होतं. वड्याचं तेल वांग्यावर निघतं आहे, निघू दे, माझी पोरगी तर वाचते. आता तुम्हीच ठरवा मी कोण.

वायर तपासली. उजवीचा आकडा हजार पन्नास आला. डावी एक्सलजवळ हलवली की नाचते. तिथं कुरतडलेली आहे. उंदीर असेल. शोध संपला. पत्ता मी चुलीत टाकला आहे. तुम्ही तिकडेच राहा आणि मला विसरा.

दिपा


निझामाबाद
१२ जानेवारी

वहिनी,

तुम्ही विसरा म्हणालात. घ्या, कसा विसरू ते सांगा.

मंगळवारी रणजीत सेनगावला आमच्या घरी गेला. अब्बा ओसरीत दाढीला मेंदी लावत बसले होते. त्यानं माझा पत्ता विचारला. अब्बा म्हणाले, "बेटा, मालूम असता तरी सांगितला नसता." त्यानं व्हील पान्यानं त्यांचा उजवा गुडघा फोडला आणि परत विचारलं. अब्बांनी तेच उत्तर दिलं. मग डावा फोडला. सत्तर वर्षांचा माणूस. अब्बांनी, खाजा मियांनी, या तालुक्यातल्या निम्म्या गाड्या उभ्या केल्या, त्यांना आता स्वतःच्या पायावर उभं राहता येणार नाही. सबीहा सांगते, शेजारी दारं लावून बसले होते. अब्बा ओरडले नाहीत म्हणून रणजीतला जास्त चेव आला.

तुमचं पत्र मला आठ तारखेला मिळालं आणि त्याच्या आदल्या दिवशी हे झालं होतं. ज्या सात जणांची नावं तुम्ही पोटात ठेवलीत ती एक महिना आधी सांगितली असतीत, तर अब्बा आज चालत नमाजला गेले असते. तुमच्या पोरीसाठी तुम्ही गप्प होतात, मला कळतं. पण त्या गप्प बसण्याचं मोल माझा बाप देतो आहे.

आणि उंदीर म्हणे! मी वीस वर्षं वायरी बघतो आहे. उंदीर एक्सलवर चढून फक्त डावी वायर खात नाही. एक्सलवर वायर कापली जाते ती तिच्यावर काहीतरी आवळून बांधलं आणि खड्ड्या-खड्ड्याला ते घासलं तर. मी तिथं काही बांधलेलं नाही. तुम्ही ते काढून लपवलं आहे आणि कुणाला वाचवता आहात तेही मला दिसतं आहे. खंडेनवमीला गाडीची पूजा कुणी केली होती?

डावा हात आता दुसरीत गेला आहे. त्यात कोयता धरता येतो. वीस तारखेला मी सेनगावात येतो. आधी रणजीत, मग होईल ते होईल. पोलीस, तांडा, फाशी, काय व्हायचं ते होवो. माझ्या गुन्ह्यापुरती शिक्षा मी भोगली. अब्बांची कुणीतरी भोगायला हवी.

नोमान


तांडा
१९ जानेवारी

नोमानभाई,

हे पत्र सबीहाच्या नवऱ्याच्या हाती पाठवते आहे, म्हणजे तुम्ही निघायच्या आत मिळेल. पूर्ण वाचा, मग कोयता घ्या किंवा ठेवा.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी आधी दवाखान्यात गेले. अब्बांचे पाय पाहिले. दोन्ही गुडघे सुजून कलिंगडाएवढे. त्यांनी मला ओळखलं, बस म्हणाले आणि सबीहाला चहा आणायला पाठवलं. मी तो चहा तसाच ठेवून निघाले.

एक्सलवर घोड्याची नाल बांधलेली होती. काळ्या दोऱ्यात ओवलेली आणि वरून बाइंडिंग तारेनं गच्च आवळलेली, वायर खालीच अडकली होती. खंडेनवमीला सासूबाईंनी बांधली. गाडीला नजर लागू नये म्हणून कुठून कुठून मागून आणली, साठ वर्षांची बाई पाठीवर झोपून गाडीखाली शिरली आणि कुणाला दिसू नये म्हणून चाकाच्या मागे बांधली. दिसली तर नालीचा गुण उतरतो म्हणतात. मला सापडली त्या दिवशी मी ती ज्वारीच्या कणगीत खुपसली. आईनं लेकरासाठी बांधलेल्या नालीनंच लेकरू नेलं, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

दवाखान्यातून आले आणि कणगीतून नाल काढली. नायक बाबूसिंगांच्या अंगणात तांड्याची माणसं बसलेली होती, रणजीत मधोमध, सेनगावची मर्दुमकी सांगत. सासूबाई कडेला होत्या. मी नाल मध्ये टाकली, कापलेली वायर टाकली, तुमची काळी टेप टाकली. सगळं सांगितलं. तुरीतलं सुद्धा. नावंही घेतली, सातच्या सात.

मग रणजीत उठला. "दोन महिने आमच्या ताटात वाढून राहिली अन् नावं पोटात? तुझ्याचमुळं मी त्या म्हाताऱ्याला..." दांडा उचलून माझ्या डोक्यावर आणला. मी हललेही नाही, खरं सांगते. घातला असता तर बरं, असं वाटलं.

मध्ये सासूबाईंचा हात आला. मनगट मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बाई खाली बसली नाही. लोंबता हात दुसऱ्या हातात धरून रणजीतला म्हणाली, "मार ना. थांबला काहून? मेकॅनिकचा हात मोडला, त्याच्या बापाचे पाय मोडले, आता आईचा मोडला. ज्यायनं तुह्या भावाला फावड्यानं तोडलं, त्यायच्या दारात गेला का तू एक दिवस? न्हाई गेला. तिथं जायाला छाती लागती."

दांडा त्याच्या हातून गळाला. तो खाली बसला आणि लहान पोरासारखा आईला "याडी, याडी" अशा हाका मारत तिच्या पायाशी डोकं आपटायला लागला. कपाळ फुटलं तरी थांबेना. नायकांनी धरलं त्याला.

सासूबाई मला म्हणाल्या, "गाडी काढ."

मी वायरीचे कापलेले तुकडे उघडे करून जोडले, टेप गुंडाळली, दिव्यावरची, तुमचीच. डाव्या बाजूला मी, शेजारी... नाही, उलटं लिहिलं, मन ठिकाणावर नाही. मी स्टिअरिंगवर, शेजारी सासूबाई, मागे रणजीत आणि नायक. त्याच वाटेनं, त्याच नदीतून गेलो. चढ आला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "इथंच का?" मी व्हय म्हणाले. "पाय दाबून होता का शेवटलोक?" मी म्हणाले, होता. गाडी चढली. दिवा एकदाही लागला नाही. वर आल्यावर त्या इतक्या रडल्या की मला गाडी उभी करावी लागली. मीही रडले, विकास गेल्यापासून पहिल्यांदा.

ठाण्यात चार तास जबाब झाला. हरिचंद आणि चौघं त्याच रात्री उचलले, दोघं पळालेले आहेत. रणजीतनं अब्बांचं स्वतःहून लिहून दिलं आणि तुमच्या हाताचंही. तोही आत आहे. तेव्हा वीस तारखेला तुम्ही आलात तर तो तुम्हाला सापडणार नाही. कोयता घरी ठेवून या. टेपचं तुम्हाला कोर्टात सांगावं लागेल, नाहीतर हरिचंदचा वकील सगळं गाडीवर ढकलेल. गाडी बंद पडली म्हणून माणूस मरत नाही, भाऊ. आपण दोघं दीड महिना चाक तपासत बसलो आणि मारणारे सात जण बाजारात फिरत होते.

सासूबाई जेवत नाहीत, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसून असतात. मी खोटं सांगून त्यांचं दुःख हलकं करणार नाही. पण त्यांच्याजवळ बसते.

राहिली पुजा. पळालेल्या दोघांना शाळेची वाट माहीत आहे. तांड्यात ठेवायची हिंमत होईना, माहेर त्यांना ठाऊक आहे. मी तिला घेऊन दवाखान्यात अब्बांपाशी गेले, दुसरं कोणतंही दार मला सुचलं नाही. म्हटलं, "ही रणजीतची पुतणी आहे, अब्बा. ठेवता का?" ते म्हणाले, "पाय त्यानं मोडले, बेटी. या लेकरानं माझं काय मोडलं?" त्याच दिवशी हट्टानं सुट्टी घेऊन घरी आले.

पुजा तीन दिवस तुमच्या घरी आहे, सबीहाच्या हातचं खाते, खोकला कमी आहे. अब्बांना उठता येत नाही. म्हणून त्यांनी आपली खाट दारात आडवी टाकायला लावली आहे, आत जायचं तर त्यांच्या अंगावरूनच जावं लागेल.

तुमची बहीण,
दिपा